दाद मागायची कुठे?
(खोपोली येथील बुद्धविहारात प्रौढ दिव्यांग, वृद्ध व अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तींच्या प्रश्नांवर केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'निराधारांसाठी शासकीय योजना'. मी त्यांना विनंती करून तो थोडा वळवून घेतला. योजनांची माहिती छापील पत्रकावर असते. ज्याला वाचता येते तो ती वाचू शकतो, ज्याला येत नाही त्याला शेजारचा मुलगा वाचून दाखवील. मला बोलायचे आहे ते त्यापुढचे. पत्रक वाचून माणूस कार्यालयाच्या दारात गेला की त्याचे काय होते, त्याला बसायला खुर्ची मिळते का, त्याचा अर्ज कोणी हातात घेतो का, आणि नाही घेतला तर त्याने दाद मागायची कुठे, हा आजचा विषय आहे.

आणि मी बोलणार आहे ते प्रौढांविषयी. लहान मूल अपंग असेल तर समाजाला कळवळा येतो. वर्गणी जमते, शाळा निघतात, वह्या-पुस्तके वाटली जातात, फोटो निघतात. तेच मूल अठरा वर्षांचे झाले की शाळा संपते आणि कळवळाही संपतो. तीस वर्षांचा मतिमंद मुलगा आणि त्याला आंघोळ घालणारी साठीची आई, कारखान्यातल्या अपघाताने कंबरेखाली निकामी झालेला कामगार, अर्धांगवायूने एक बाजू गेलेला गवंडी, डोळ्यांनी अधू झालेली एकटी म्हातारी, ही माणसे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांच्यावर फोटो काढण्यासारखे काही नसते. त्यांना रोज कोणीतरी उठवावे लागते, संडासला न्यावे लागते, भरवावे लागते.

मित्रहो, नगरपालिकेचा ठराव आणि प्रत्यक्ष यांत किती अंतर असते हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. आणि तरी तीन वर्षे अस्पृश्यांपैकी कोणाला तिथले ओंजळभर पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले तेव्हा ते नवा हक्क मागायला गेले नव्हते. नगरपालिकेने जे लिहून दिले होते तेच ते प्रत्यक्षात आणायला गेले होते. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला, आणि न्यायालयातला शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. आज मी जे सांगणार आहे त्याची तुलना त्या संग्रामाशी करण्याचा माझा हेतू नाही, तेवढी मोठी जीभ मला नाही. परंतु ठराव वहीत असतो आणि पाणी तळ्यात असते, हे समजण्यासाठी त्याहून जवळचे उदाहरण मला सापडत नाही.

आता आपला माणूस कुठे कुठे जातो ते पाहू. समजा लौजीला किंवा शिळफाट्याला राहणारा एक माणूस आहे. त्याला पक्षाघात झाला, उजवा हात-पाय गेला. घरात बायको आणि शिकणारी मुलगी. सगळ्यात आधी त्याला हवे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. त्याचा अर्ज ऑनलाइन, तपासणी शासकीय रुग्णालयात. शिबिर लागले आणि कळले तर ठीक, नाहीतर जिल्हा रुग्णालय अलिबागला. पेणमार्गे एसटीने अलिबाग धडधाकट माणसाला अर्धा दिवस खाते, मग ज्याला उचलून गाडीत घालावे लागते त्याचे काय? प्रमाणपत्र मिळाले की दरमहा अनुदानासाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, तो तहसील कार्यालयात, म्हणजे खालापूरला. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, त्याआधी तलाठ्याचा अहवाल. साधने किंवा घरगुती व्यवसायासाठी मदत हवी असेल तर दिव्यांगांच्या राखीव निधीतून नगरपरिषदेकडे. ग्रामीण भागात असेल तर ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग. म्हणजे एकच माणूस, एकच निकामी झालेला हात, आणि त्यासाठी चार कार्यालये. प्रत्येक कार्यालयात त्याला दुसऱ्या कार्यालयाचे नाव सांगितले जाते. हे सांगणारा कर्मचारी बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो हे मी मुद्दाम नमूद करतो. त्याच्या टेबलापुरते ते खरेच असते. परंतु या चारही टेबलांना एकत्र पाहणारा कोणीच नसतो, आणि तेच दुखणे आहे.

माझ्या पाहण्यातले एक प्रकरण सांगतो. गावाचे आणि कार्यालयाचे नाव घेणार नाही. एका बाईंचा मुलगा जन्मापासून बौद्धिक अपंग, आता तिशीचा. त्याचे अनुदान चालू होते ते एकाएकी बंद पडले. बाई कार्यालयात गेल्या. सांगण्यात आले की हयातीचा दाखला द्यायचा राहिला आहे, मुलाला समोर आणा. मुलगा गर्दीत बिथरतो, ओरडतो, म्हणून त्या त्याला कुठे नेत नाहीत. तरी रिक्षा करून नेले. जिना चढवून वर नेले तर संबंधित साहेब बैठकीला गेलेले. उद्या या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेले नाही, एकट्या गेल्या, तर मुलगा कुठे आहे म्हणून विचारणा. तिसऱ्या खेपेला सांगितले की बँकेत आधार जोडलेले नाही, ते आधी करा. बँकेत सांगितले की मुलगा सज्ञान आहे, त्याची सही चालत नाही, पालकत्वाचा कागद आणा. बाई म्हणाल्या, अहो मी त्याची आई आहे. त्यांना उत्तर मिळाले की तो अठरा वर्षांचा होईपर्यंत तुम्ही आई होतात.

हे वाक्य उर्मट आहे, पण कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे, आणि त्या बाईंना ते बारा वर्षे कोणी सांगितले नव्हते. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांतील व्यक्ती अठरा वर्षांची झाल्यावर तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद त्यात आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा, वकील लागत नाही. त्याच न्यासाची 'निरामय' नावाची एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे. ज्या कार्यालयाने तिला तीन वेळा परत पाठवले, त्या कार्यालयाच्या भिंतीवर हे चार ओळींत लिहिले असते तर तिचे तीन दिवसांचे काम बुडाले नसते.

आता या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. तीन खेपांत तिला एकही कागद मिळाला नाही. नकार तोंडी, कारण तोंडी, पुढची तारीखही तोंडी. सरकारी दप्तरात पाहिले तर ती बाई तिथे कधी गेलीच नव्हती. तिची तक्रार शून्य, कारण तिचा अर्जच शून्य. आपल्याकडे प्रौढांच्या देखभालीविषयी तक्रारी कमी आहेत असे जेव्हा कोणी अधिकारी व्यासपीठावरून सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ असा घ्यायचा.

आता उत्पन्नाच्या अटीकडे वळू. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. आपल्याच रायगडचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना ती सुरू झाली, आणि तिच्यामुळे लाखो घरांत चूल पेटली हे मान्य केलेच पाहिजे. रक्कमही वेळोवेळी वाढली. २०१९ मध्ये ६०० चे १००० रुपये झाले, २०२३ मध्ये १५००, आणि दिव्यांगांसाठी ती २५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. पण अट काय आहे? कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. विद्यार्थी मित्रांनो, जरा भागाकार करा. २१,००० भागिले ३६५. दिवसाला ५७ रुपये. साऱ्या कुटुंबाचे! ज्या घरात एकही माणूस महिन्यातून आठ-दहा दिवस बिगारीला जातो ते घर या अटीत बसत नाही. आणि मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली, तिच्यात उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली गेली. त्या भगिनींना पैसे मिळाले याबद्दल माझी तक्रार नाही. पण सत्तर वर्षांची विधवा आणि अंथरुणावरचा माणूस यांना सरकार ५७ रुपयांच्या फूटपट्टीने मोजते आणि धडधाकट माणसाला दुसऱ्या फूटपट्टीने, याचे कारण मला तरी कोणी सांगितलेले नाही.

या अटीचा परिणाम काय होतो? गरीब माणसाला खोटे बोलावे लागते. तलाठ्यासमोर, सेतू केंद्रात, समितीसमोर. आणि जिथे खोटे बोलल्याशिवाय दाखला मिळत नाही तिथे दलाल उभा राहतो. तो दलाल बाहेरचा नसतो, बंधूंनो, आपल्याच आळीतला असतो. कधी कधी तो आपल्या पक्षाचा, आपल्या गटाचा, आपल्या जयंती मंडळाचा असतो. पहिल्या दोन महिन्यांचे अनुदान तो घेतो आणि वर उपकार केल्यासारखा वागतो. कार्यालयांवर टीका करताना हे लपवून ठेवता येणार नाही.

जिन्याचा उल्लेख मघाशी आला. तो जिना किरकोळ बाब समजू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत विराली मोदी या व्हीलचेअर वापरणाऱ्या कार्यकर्तीचे लग्न होते, नोंदणी पद्धतीने. विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सहीसाठी खाली यायला अधिकारी तयार झाले नाहीत. शेवटी नवरीला लग्नाच्या पोशाखात उचलून जिना चढवावा लागला. त्यांनी ते जाहीर लिहिले, ते देशभर वाचले गेले, आणि त्या वेळचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्यांची क्षमा मागितली. ही शिकलेली, इंग्रजी जाणणारी, नाव असलेली स्त्री. शिळफाट्याच्या म्हातारीची क्षमा कोण मागणार? मुंबईचेच दुसरे उदाहरण आहे. पदपथावर वाहने चढू नयेत म्हणून महापालिकेने लोखंडी खांब रोवले, ते इतके जवळजवळ की व्हीलचेअर आत जाईना. एका व्हीलचेअर वापरणाऱ्या नागरिकाने उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना ई-मेल लिहिला आणि २०२३ मध्ये न्यायालयाने त्यावरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. एका साध्या पत्राने एवढे होऊ शकते. मात्र पत्र लिहावे लागते.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण विद्यार्थी बसले आहेत. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता अशा प्रसंगी राज्याने सार्वजनिक साहाय्य द्यावे असे आहे. 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असे शब्दही त्यात आहेत, आणि प्रशासनाला तेवढेच शब्द पाठ असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकारची अपंगत्वे होती, यात एकवीस आहेत. या कायद्यातल्या तीन गोष्टी आपल्याला फारशा कोणी सांगत नाही. पहिली, ज्यांना रोजच्या जगण्यासाठी दुसऱ्याच्या भारी आधाराची गरज आहे त्यांनी तसा अर्ज करावा आणि एका मंडळाने त्या गरजेचे मूल्यमापन करावे, असे कलम ३८ मध्ये आहे. दुसरी, अशा व्यक्तींसाठी देखभाल करणाऱ्याचा भत्ता हा शब्द कलम २४ मध्ये आहे. तिसरी, दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमान करणे हा कलम ९२ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्याला माहीत आहे, त्याचीच ही भाषा आहे. खिडकीसमोरच्या रांगेत कोणी "ए लंगड्या" म्हणून हाक मारली तर ती आता थट्टा राहिलेली नाही.

नगरपरिषदांचा संबंध येतो तो निधीपाशी. शासनाने स्थानिक स्वराज्य संस्थांना आधी ३ टक्के आणि २०१६ च्या कायद्यानंतर ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायला सांगितली आहे. हा निधी खर्च होत नाही ही राज्यभरची जुनी तक्रार. २०१७ मध्ये नाशिक महापालिकेत आमदार बच्चू कडू आणि तत्कालीन आयुक्त यांच्यात याच निधीवरून खडाजंगी झाली, हात उगारण्यापर्यंत प्रकरण गेले, गुन्हा दाखल झाला आणि २०२३ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने कडू यांना शिक्षा सुनावली. हात उगारण्याचे समर्थन मी करणार नाही. पण हात उगारला म्हणून बातमी झाली, आणि वर्षानुवर्षे निधी पडून राहिला याची बातमी झाली नव्हती, हेही नोंदवून ठेवतो. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग सुरू झाला, तो अशाच दीर्घ आंदोलनांमुळे.

आज अनेक ठिकाणी हा निधी खर्च होतो, पण कसा होतो? मार्च महिना जवळ आला की नोंदणी झालेल्यांच्या खात्यावर सरसकट एक रक्कम जमा केली जाते. हिशेब पूर्ण. ज्याचा एक पाय अधू आहे पण जो दुकान चालवतो त्यालाही तेवढेच आणि ज्याला कूस बदलायला दुसरा लागतो त्यालाही तेवढेच. पैसे वाईट नसतात, कोणी नाकारूही नये. परंतु देखभाल म्हणजे वर्षातून एकदा येणारी रक्कम नव्हे. वाकर, कमोडची खुर्ची, पाण्याची गादी, घरी येऊन जखम पुसणारी परिचारिका, आईला चार दिवस विश्रांती मिळावी म्हणून दिवसभराचे केंद्र, यांपैकी कशाची गरज आहे हे त्या माणसाला विचारणारा एक तरी रकाना अर्जात आहे का? मी पाहिलेल्या अर्जांत बँक खाते क्रमांकाला तीन रकाने आहेत. तुमचे कोण करते, असा प्रश्न नाही.

आणि "तुमचे कोण करते" याचे उत्तर आपल्या घरांत एकच असते. सून करते, मुलगी करते, बायको करते. दहावीत हुशार असलेली मुलगी अकरावीला दिसत नाही, चौकशी केली तर आजी अंथरुणावर असते. तिची शाळा सुटली ही कोणत्याही योजनेच्या खर्चात धरली जात नाही.

हे वेगळ्या पद्धतीने करता येते का? येते. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला डॉक्टरांनी आणि सामान्य लोकांनी मिळून दुखण्यावर उपचार आणि शुश्रूषा करणारी संस्था काढली. त्यातून वस्त्यावस्त्यांत स्वयंसेवक तयार झाले. २००८ मध्ये त्या राज्याने यासाठी धोरणच केले, आणि आज तिथल्या ग्रामपंचायती व नगरपालिका परिचारिका नेमून तिला घरोघर पाठवतात. अंथरुणाला खिळलेल्याची सेवा करणाऱ्या घरच्या माणसासाठी तिथे 'आश्वासकिरणम' नावाची योजना आहे, महिना ६०० रुपयांची. रक्कम क्षुल्लक आहे, तीही वेळेवर येत नाही अशा तक्रारी आहेत. पण सांभाळणाऱ्या बाईचे नाव सरकारी कागदावर आले. इंग्लंडमध्ये २०१४ चा देखभाल कायदा आहे. ज्या प्रौढाला आधाराची गरज दिसते त्याची गरज मोजणे हे तिथल्या स्थानिक कौन्सिलवर बंधनकारक आहे, आणि सांभाळणाऱ्याचीही वेगळी मोजणी होते. म्हणून तिथे सगळे सुरळीत आहे असे समजू नका. उशीर, टाळाटाळ, अवाजवी शुल्क अशा तक्रारी तिथेही भरपूर होतात. फरक एवढाच की तिथल्या लोकपालाकडे त्या लेखी जातात, आणि प्रौढांच्या देखभालीच्या तक्रारींचा अहवाल तो प्रसिद्ध करतो. आपल्या जिल्ह्यात असा अहवाल काढायचा म्हटले तर कोणत्या कागदांवरून काढणार?

वृद्धांबद्दल एक मुद्दा. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा सर्वांना ऐकून माहीत आहे. मुले सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. आपल्या दोन्ही तालुक्यांसाठी ते कर्जतचे उपविभागीय कार्यालय. दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता ठरवता येतो आणि नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित आहे. चांगला कायदा आहे. पण कार्यालयात आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला "मुलावर केस करा" म्हणून वाटेला लावायचे हा त्याचा उपयोग नव्हे. ज्याचा मुलगा स्वतः ठेकेदाराकडे कंत्राटी आहे आणि दोन वेळा कसेबसे जेवतो, त्याच्यावर केस करून काय निघणार? अशा ठिकाणी जबाबदारी शासनाची. केंद्र सरकारच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी महिना २०० रुपये आहे, आणि तो २००७ पासून तेवढाच आहे. त्या वर्षी चहा किती रुपयांना मिळत होता ते आठवून पाहा.

आता कार्यालयातल्या माणसाची बाजूही मांडली पाहिजे. एका टेबलावर अनेक योजना, संगणक एक, सर्व्हर बंद, वरून रोज नवा आदेश. डिसेंबर २०२४ पासून ही अनुदाने थेट आधार जोडलेल्या खात्यात जाऊ लागली. त्यामुळे मधले हात कमी झाले, पण ज्यांचे ठसे उमटत नाहीत, ज्यांचे आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेले, त्यांचे पैसे अडकले, आणि त्यांचा राग निघतो खिडकीतल्या कारकुनावर. शिवाय राज्यातल्या अनेक नगरपरिषदांत काही वर्षे निवडणुकाच नव्हत्या, प्रशासकाचा कारभार होता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. मधल्या काळात ज्याच्या घरी सकाळी जाऊन गाऱ्हाणे सांगावे असा नगरसेवकही नव्हता. आता तो आहे. मत मागायला जिना चढून आला होता, त्याला आता तोच जिना आपण दाखवू शकतो.

तर दाद मागायची कशी? पहिले म्हणजे तोंडी बोलून घरी यायचे नाही. अर्ज दोन प्रतींत न्यायचा, आवक विभागात द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यायचा. "घेत नाही" म्हणाले तर पोस्टाने पोचपावतीसह पाठवायचा. नाकारायचे असेल तर कारणासह लेखी द्या, एवढे एकच वाक्य शांतपणे म्हणायचे. उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला अशा अधिसूचित सेवांना २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत घालून दिली आहे. ती चुकली तर दोन अपिले आणि त्यावर आयोग आहे, आणि चुकारपणाबद्दल अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. निधीची चौकशी करायची तर माहिती अधिकार. अर्जाला दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाहीत, उत्तराची मुदत तीस दिवस. विचारायचे तीनच प्रश्न: गेल्या तीन वर्षांत दिव्यांगांसाठी तरतूद किती, खर्च किती आणि कशावर, नोंदणी झालेले किती. लांबलचक अर्ज लिहू नका, उत्तरही लांबते. दिव्यांगांच्या हक्काचा भंग झाला तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, त्यांना दिवाणी न्यायालयासारखे समन्स काढण्याचे अधिकार आहेत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तालुक्यात तिसऱ्या सोमवारी. आणि वकील हवाच असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे दिव्यांग व्यक्ती, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तो मोफत मिळतो. आपल्या ठाकर, कातकरी बांधवांनाही मिळतो. वाडीवर जाऊन हे त्यांना सांगण्याचे काम विद्यार्थ्यांचे आहे, कारण त्यांच्या वाडीपर्यंत पत्रकही जात नाही.

अध्यक्ष महोदयांच्या संमतीने एक सूचना करून थांबतो. पुढच्या रविवारपासून वंदनेनंतर दोन तास विहाराच्या ओट्यावर आपण एक टेबल मांडणार आहोत. पदवीच्या वर्गात शिकणारी सहा मुले-मुली अर्ज लिहून देतील आणि एका वहीत नोंद ठेवतील: कोण, कोणत्या कार्यालयात, कोणत्या तारखेला गेले आणि काय उत्तर मिळाले. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी निरोप पाठवावा, मुले घरी येतील. ही सेवा कोणत्याही जातिधर्माच्या माणसाला खुली आहे, पैसे कोणी देऊ नयेत आणि मुलांनी चहाही घेऊ नये. येताना आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक आणि जुने प्रमाणपत्र असल्यास ते, यांच्या झेरॉक्स दोन-दोन प्रती आणाव्यात. मूळ कागद घरीच ठेवा, ते कोणाच्याही हाती देऊ नका, आमच्याही नाही.